हे दप्तर आपलेही आहे

१९४६ च्या जुलैत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी अमेरिकेतले थोर कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहिले. प्रत्यक्ष ओळख नव्हती, पण ड्यू बॉइस यांचे लेखन बाबासाहेब वर्षानुवर्षे वाचत आले होते. अस्पृश्यांची आणि अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांची स्थिती इतकी मिळतीजुळती आहे की त्यांच्या प्रश्नाचा अभ्यास आम्हाला करावाच लागतो, असे त्यांनी कळवले. पुढे मुद्द्याची मागणी होती : कृष्णवर्णीयांच्या संघटनेने संयुक्त राष्ट्रांकडे जे निवेदन दिले आहे, त्याच्या दोन-तीन प्रती पाठवाव्यात. ३१ जुलैला ड्यू बॉइस यांनी उत्तर धाडले. तुमचे नाव मी ऐकून आहे, भारतातल्या अस्पृश्यांविषयी मला पूर्ण सहानुभूती आहे, असे त्यात होते.

दलित चळवळीच्या इतिहासातला हा मोलाचा कागद आज मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या ॲमहर्स्ट येथील ग्रंथालयात आहे. त्या ग्रंथालयाला १९९४ पासून ड्यू बॉइस यांचेच नाव आहे. मुंबईत किंवा नागपुरात बसून कोणालाही तो आज संगणकावर फुकट वाचता येतो.

तो सुखासुखी तिथे पोचलेला नाही. ड्यू बॉइस हे हार्वर्डची पीएच.डी. मिळवणारे पहिले कृष्णवर्णीय, ‘द क्रायसिस’ या मासिकाचे चोवीस वर्षे संपादक. पण १९५१ मध्ये त्यांच्याच सरकारने त्यांना परकीयांचे हस्तक ठरवून कोर्टात उभे केले. ते निर्दोष सुटले, तरी पुढे कित्येक वर्षे त्यांना पासपोर्ट मिळाला नाही. १९६१ मध्ये ते घानाला गेले तेव्हा त्यांच्या कागदपत्रांचा मोठा भाग हर्बर्ट ॲप्थेकर या इतिहासकार मित्राने सांभाळला. अखेर १९७३ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाने तो विकत घेतला. पत्रे, भाषणांचे मसुदे, कात्रणे, छायाचित्रे असे लाखभर कागद! मधल्या बारा वर्षांत कोणी कंटाळले असते, तर बाबासाहेबांचे पत्रही रद्दीत गेले असते.

असे दप्तर राखणाऱ्यांना काय काय करावे लागते, हे पाहायचे तर वॉशिंग्टनमधल्या हॉवर्ड विद्यापीठात जायला हवे. जेसी मूरलँड यांनी १९१४ मध्ये आपला तीन हजारांवर पुस्तकांचा संग्रह या विद्यापीठाला दिला. १९३० मध्ये डोरोथी पोर्टर या तरुण ग्रंथपाल बाईंवर त्याची जबाबदारी आली. खरेदीसाठी हाती पैसा जवळपास नव्हता. बाईंनी प्रकाशकांना आणि पुस्तकविक्रेत्यांना पत्रे लिहून पुस्तके मागितली, जुन्या घरांच्या माळ्यांवरून आणि तळघरांतून कागद सोडवून आणले.

पुढचा पेच वर्गीकरणाचा होता. त्या काळी ग्रंथालये ड्यूईच्या दशांश पद्धतीने पुस्तके लावत. त्यात ३२५ हा आकडा वसाहती आणि स्थलांतराचा, ३२६ गुलामगिरीचा. लेखक कृष्णवर्णीय असला की पुस्तक सरसकट या दोन खणांत टाकले जाई. जेम्स वेल्डन जॉन्सन हे नावाजलेले कवी, पण त्यांचे पुस्तकही ३२५ मध्येच! पोर्टरबाईंनी हे मोडून काढले. कविता कवितेत, नाटक नाटकात, इतिहास इतिहासात, आणि लेखक त्याच्या नावाने. १९७३ मध्ये त्या निवृत्त झाल्या तेव्हा संग्रहात सुमारे एक लाख ऐंशी हजार नगांची नोंद होती. आर्थर स्पिनगार्न यांचा संग्रह हॉवर्डने १९४६ मध्ये, म्हणजे बाबासाहेबांनी ते पत्र लिहिले त्याच वर्षी घेतला. आज मूरलँड-स्पिनगार्न संशोधन केंद्र हे कृष्णवर्णीयांच्या इतिहासाचे जगातले एक अग्रगण्य भांडार आहे.

अशा ग्रंथालयांवर आज घाला पडला आहे, म्हणून हा लेख. १४ मार्च २०२५ रोजी अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी ग्रंथालयांना आणि संग्रहालयांना केंद्रीय अनुदान देणारी संस्था शक्य तितकी मोडीत काढण्याचा आदेश काढला. एप्रिलमध्ये नॅशनल एंडोमेंट फॉर द ह्यूमॅनिटीज या संस्थेने आधी मंजूर केलेली शेकडो अनुदाने रद्द केली. ड्यू बॉइस यांचे कागद स्कॅन करायला याच संस्थेचा हातभार लागला होता. त्याच महिन्यात नौदल अकादमीच्या ग्रंथालयातून ३८१ पुस्तके हटवली गेली. कृष्णवर्णीय लेखिका माया अँजेलो यांचे आत्मचरित्रही त्यात होते.

हे वाचून हात टेकू नका. नौदल अकादमीच्या कृतीवर सडकून टीका झाली, आणि पुढच्याच महिन्यात बहुतेक पुस्तके फळीवर परत आली. अनुदान संस्था मोडण्याविरुद्ध राज्ये कोर्टात गेली, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये फेडरल न्यायाधीशांनी त्यांच्या बाजूने कौल दिला. बोलणाऱ्यांच्या बोलण्याला वजन आहे. मात्र एका निकालाने ग्रंथालयाची बारा महिन्यांची काळजी मिटत नाही. ठरावीक तापमान, आम्लमुक्त खोकी, स्कॅन करणारी माणसे, धूसर अक्षर लावणारा जाणता डोळा, हा सगळा खर्च दरवर्षी उभा राहतो. अनुदानाची खात्री गेली की आधी नोंदणीचे काम थांबते. नोंद न झालेला कागद असून नसल्यासारखा.

आम्ही मराठी माणसांनी यात का पडावे, असे कोणी विचारील. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेतल्या गुलामांना दास्यमुक्त करणाऱ्या सदाचारी लोकांना. १९७२ मध्ये मुंबईच्या तरुणांनी दलित पँथर उभी केली, ती ब्लॅक पँथरचे नाव घेऊन. दीडशे वर्षांचे हे नाते आहे. आपल्या चळवळीला त्यांच्या लढ्यातून बळ मिळाले. त्यांचे दप्तर संकटात असताना आपण गप्प राहणे शोभत नाही.

तेव्हा कामाला लागू या.

अमेरिकेत राहणाऱ्या मराठी बंधुभगिनींनो, तुमच्यातले हजारोजण तिथल्याच विद्यापीठांत शिकलात. आपल्या विद्यापीठाला देणगी देताना ती विशेष संग्रहासाठीच वापरावी, असे लेखी कळवा. मत देता येत असेल तर आपल्या काँग्रेस सदस्याला पत्र लिहा, फोन करा आणि ग्रंथालयांच्या अनुदानाबद्दल स्पष्ट विचारा. महाराष्ट्र मंडळांनी वर्षातला एक कार्यक्रम जवळच्या विद्यापीठाच्या ग्रंथालयात घ्यावा.

इथल्या प्राध्यापकांनो, ड्यू बॉइस यांचे कागद विद्यार्थ्यांना वाचायला लावा, त्यांवर प्रकल्प द्या. संग्रह वापरात आहे हे दिसले, तर ग्रंथपालांना वरिष्ठांपुढे तो राखण्यासाठी भांडता येते.

इंग्रजी हस्ताक्षर लागणाऱ्या प्रत्येकासाठी आणखी एक काम आहे. दरवर्षी १४ फेब्रुवारीला, गुलामगिरीविरुद्ध लढलेले फ्रेडरिक डग्लस आपला जन्मदिन मानत त्या दिवशी, स्वयंसेवक जुन्या हस्तलिखितांचे इंटरनेटवरून टंकलेखन करतात. २०२० मध्ये अशाच रीतीने हॉवर्डमधले कृष्णवर्णीय शिक्षणतज्ज्ञ ॲना ज्युलिया कूपर यांचे कागद हाती घेतले होते. घरबसल्या दोन तास दिले तरी काही पाने कायमची वाचनीय होतात.

आणि हे करताना आपल्या घराकडेही बघा. बाबासाहेबांची हस्तलिखिते वसंत मून यांच्यासारख्या माणसाने जिवापाड जपली, संपादित केली, म्हणून १९७९ पासून त्यांचे खंड आपल्या हाती आले. गावोगावच्या कार्यकर्त्यांच्या, शाहिरांच्या, गिरणी कामगारांच्या ट्रंकांत अजून किती वह्या, पत्रके आणि इतिवृत्ते पडून आहेत! ती वाळवीच्या तोंडी जाऊ देऊ नका. जवळच्या विद्यापीठाला द्या, आणि विद्यापीठ घेत नसेल तर घेईपर्यंत पाठपुरावा करा.

ज्यांना सत्तेने माणूस म्हणून मोजले नाही, त्यांचा इतिहास त्यांनी स्वतः कागदावर उतरवला आणि काही ग्रंथपालांनी पोटाला चिमटा काढून राखला. तो पुढच्या पिढीच्या हाती शाबूत पोचवायची पाळी आता आपली आहे. पहिले पत्र आजच लिहा, आणि ते लिहायला आणखी दहाजणांना बसवा.