घाटांचा हिशेब

आल्प्स पर्वतातील मोटरसायकल सहलीची आखणी बहुधा नकाशावर बोट फिरवून सुरू होते. जर्मनीतील म्युनिक, ऑस्ट्रियातील ग्रोसग्लॉकनर, इटलीतील डोलोमाइट पर्वत आणि स्वित्झर्लंडमधील फुर्का खिंड ही सारी ठिकाणे नकाशावर वीतभर जागेत मावतात. महामार्गावर दिवसाला पाचशे किलोमीटर सहज जाणारा चालक त्याच मापाने येथील हिशेब मांडतो आणि आठ दिवसांत चार देश बसवतो. कागदावर आराखडा जमतो. घाटात मात्र तो तिसऱ्याच दिवशी कोलमडतो. मग हुकलेले तास भरून काढण्यासाठी थकलेला चालक संध्याकाळी ओल्या वळणावर वेग वाढवतो. अशा सहलीतला खरा धोका डोंगराच्या उंचीत जितका असतो, तितकाच त्या घाईत असतो. आणि घाई आखणीतूनच जन्म घेते.

म्हणून पहिला नियम असा की, पर्वतातील अंतर तासांत मोजावे. इटलीतील स्टेल्व्हिओ खिंडीचे उदाहरण बोलके आहे. प्राटो गावापासून खिंडीच्या माथ्यापर्यंतचा रस्ता जेमतेम २५ किलोमीटरचा आहे. पण तेवढ्यात अठराशे मीटरहून अधिक चढ आणि ४८ हेअरपिन वळणे येतात. माथा २,७५७ मीटरवर आहे. लोंबार्डी प्रांत ऑस्ट्रियाच्या साम्राज्यात असताना, १८२० ते १८२५ या काळात, कार्लो दोनेगानी या अभियंत्याने हा रस्ता बांधला. तो काळ घोडागाड्यांचा होता. त्याच अरुंद वळणांवर आज समोरून बस आली, तर ती रस्त्याची सारी रुंदी व्यापते आणि दुचाकीस्वाराला वळणाच्या आधीच थांबावे लागते.

ऑस्ट्रियातील ग्रोसग्लॉकनर मार्गाचा स्वभाव वेगळा आहे. फ्रांझ वालाक यांनी आखलेला हा ४८ किलोमीटरचा मार्ग ३ ऑगस्ट १९३५ रोजी खुला झाला. तो मोटारींसाठी आणि पर्यटकांसाठीच बांधला गेल्यामुळे त्याची ३६ वळणे रुंद आणि सौम्य आहेत. येथे पथकर द्यावा लागतो; मात्र जागोजागी थांबे आणि सज्जे आहेत, त्यामुळे प्रवासी वारंवार थांबतो. एका मार्गावर वळणे वेळ घेतात, दुसऱ्यावर दृश्ये. दोन्हीकडे ताशी ३५ ते ४० किलोमीटरची सरासरी धरणे शहाणपणाचे. घाटांच्या दिवशी दोनशे ते अडीचशे किलोमीटर हे भरपूर काम झाले असे मानावे.

दुसरा प्रश्न ऋतूचा. या उंच खिंडी वर्षभर खुल्या नसतात. ग्रोसग्लॉकनर साधारण मेच्या आरंभापासून नोव्हेंबरच्या आरंभापर्यंत चालू असतो. स्टेल्व्हिओ आणि स्विस खिंडी बहुधा मेअखेरीस किंवा जूनमध्ये बर्फ हटवल्यावर उघडतात आणि ऑक्टोबरच्या सुमारास पुन्हा बंद होऊ लागतात. जुलै आणि ऑगस्टमध्ये हवा अनुकूल असते, पण गर्दी दाटते. १५ ऑगस्ट हा इटलीत सुट्टीचा दिवस असून त्याच्या मागेपुढे सारा देश जणू प्रवासाला निघतो. स्टेल्व्हिओ वर्षातील एका ठरावीक दिवशी केवळ सायकलस्वारांसाठी राखला जातो. तो दिवस तपासून मगच मुक्काम ठरवावा. जूनचा उत्तरार्ध आणि सप्टेंबरचा पूर्वार्ध हे काळ दुचाकीस्वाराला सर्वाधिक सोयीचे ठरतात. त्यातही जूनमध्ये सूर्य रात्री नऊच्या पुढे मावळतो. दिवसभराचा प्रवास संपवून उजेडातच भोजन उरकायचे असेल, तर यासारखा काळ नाही.

दिवस मोठा असला तरी निघावे लवकर. उन्हाळ्यात आल्प्समध्ये गडगडाटी पाऊस बहुतेक दुपारनंतर येतो. म्हणून मुख्य खिंड मध्यान्हापूर्वी ओलांडून दुपार खालच्या दरीसाठी ठेवावी. उंचीचा परिणाम कपड्यांच्या निवडीतही धरावा लागतो. दर हजार मीटरला तापमान सुमारे साडेसहा अंशांनी उतरते. प्राटो गावात २४ अंश असतील, तर स्टेल्व्हिओच्या माथ्यावर १२ अंशांच्या आसपास असतात, आणि चालत्या गाडीवरचा वारा तो गारठा आणखी वाढवतो. बधिर झालेल्या बोटांनी ब्रेक धरून उतार उतरणे हा सहलीचा भाग असू नये. पावसाचा पोशाख आणि एक उबदार थर सामानाच्या तळाशी न ठेवता वर ठेवावा.

पोशाखाबाबत अनेकांचा समज असा असतो की सुरक्षितता चामड्यातच मिळते. प्रत्यक्षात दुचाकीस्वारांच्या कपड्यांसाठी युरोपात ईएन १७०९२ हे मानक असून त्यात संरक्षणाच्या श्रेणी ठरवलेल्या आहेत. दणकट कृत्रिम कापडाचे जॅकेट आणि पँटही या श्रेणींत बसतात. चामडे न वापरणाऱ्या कुटुंबांनी खरेदीच्या वेळी कपड्याच्या पट्टीवरील श्रेणी वाचावी, आणि हातमोजे व बूट कशाचे आहेत हे वेगळे विचारावे. कारण जॅकेट कापडाचे असले तरी तळहाताशी चामड्याचा तुकडा बहुधा असतोच.

भारतीय चालकाच्या दृष्टीने सर्वांत अवघड बदल रस्त्याच्या बाजूचा आहे. तेथे वाहने उजवीकडून चालतात. सरळ रस्त्यावर मन याला लवकर सरावते. चूक होते ती सकाळी हॉटेलबाहेर पडताना, पेट्रोल पंपावरून रस्त्यावर येताना किंवा निर्मनुष्य चौकात. घाटात आणखी एक भेद जाणवतो. भारतात डावे हेअरपिन वळण आतले आणि घट्ट असते. तेथे उजवे वळण घट्ट होते. वर्षानुवर्षांच्या सवयीने शरीर ज्या बाजूला निर्धास्त असते, तीच बाजू आता कठीण ठरते. दोनशे किलोंहून अधिक वजनाची गाडी, मागे जोडीदार आणि दोन्ही बाजूंना सामान असताना चढावरच्या उजव्या वळणावर तोल जाणे सोपे असते. म्हणून पहिला दिवस कोणत्याही प्रसिद्ध खिंडीला देऊ नये. म्युनिकच्या दक्षिणेकडील तळ्यांभोवतीच्या सौम्य रस्त्यांवर गाडीची आणि बाजूची ओळख करून घ्यावी. विमानप्रवासाची झोप त्याच दिवशी भरून निघते.

वेगमर्यादाही देशागणिक बदलतात. वस्तीबाहेरच्या साध्या रस्त्यांवर स्वित्झर्लंडमध्ये ताशी ८०, इटलीत ९०, तर ऑस्ट्रियात १०० किलोमीटर अशी सर्वसाधारण मर्यादा आहे. अतिवेगाबद्दल स्वित्झर्लंडचा कायदा विशेष कठोर असून गंभीर प्रकरणी तुरुंगवासाची तरतूद आहे. दंडाची नोटीस गाडी भाड्याने देणाऱ्या कंपनीमार्फत चालकापर्यंत पोहोचते. आवाजाचेही नियम आहेत. ऑस्ट्रियाच्या टिरोल प्रांतातील रॉइट जिल्ह्याने २०२० पासून उन्हाळ्यात काही मार्गांवर ९५ डेसिबलहून अधिक नोंदीव आवाजाच्या मोटरसायकलींना बंदी घातली. हा आकडा गाडीच्या नोंदणीपत्रावर असतो. भाडेकरार करताना तो पाहून घ्यावा.

कागदपत्रांची तयारी नकाशाइतकीच आखणीचा भाग आहे. चारही देश शेंगेन क्षेत्रात येतात, त्यामुळे एकच व्हिसा पुरतो. अर्ज मात्र ज्या देशात सर्वाधिक मुक्काम असेल त्याच्याकडे करावा लागतो. मुक्काम समान असतील, तर ज्या देशात प्रथम प्रवेश होतो त्याच्याकडे. म्हणजे कोणत्या गावी किती रात्री राहायचे, हे आधी ठरावे लागते. अर्ज प्रवासापूर्वी सहा महिन्यांपासून स्वीकारला जातो आणि निदान पंधरा दिवस आधी तो द्यावाच लागतो. गिअरच्या मोटरसायकलचा वैध परवाना आणि त्याच्या आधारे परिवहन कार्यालयातून मिळणारा, एक वर्ष मुदतीचा आंतरराष्ट्रीय वाहन परवाना सोबत हवा.

विम्याकडे सर्वाधिक बारकाईने पाहावे. शेंगेन व्हिसासाठी निदान ३० हजार युरोंचे वैद्यकीय संरक्षण आवश्यक असते. पॉलिसी घेतली की अट पूर्ण होते आणि बहुतेक जण तेथेच थांबतात. परंतु प्रवास विम्याच्या अनेक पॉलिसींमध्ये दुचाकी चालवताना झालेला अपघात वगळलेला असतो, किंवा इंजिनच्या क्षमतेची मर्यादा घातलेली असते. व्हिसा अधिकाऱ्याचे समाधान करणारा कागद रुग्णालयाच्या बिलापुढे निरुपयोगी ठरू शकतो. ऑस्ट्रियात सुट्टीतील अपघातानंतर हेलिकॉप्टरने केलेल्या सुटकेचे बिल संबंधित व्यक्तीलाच येते. म्हणून दुचाकी, तिची क्षमता, मागे बसणारा जोडीदार आणि डोंगरातील सुटका या चार बाबी पॉलिसीत आहेत याची लेखी खातरजमा करूनच हप्ता भरावा. युरोपभर आपत्कालीन क्रमांक ११२ हा आहे. स्वित्झर्लंडमध्ये हवाई सुटका करणाऱ्या रेगा संस्थेचा क्रमांक १४१४.

पैशाच्या बाजूचेही काही नियम आहेत. भाड्याची गाडी घेताना नुकसानीच्या विम्यात ठरावीक रक्कम ग्राहकाने सोसायची असते आणि तेवढी अनामत क्रेडिट कार्डावर अडकवून ठेवली जाते. तेवढ्याने कार्डाची उरलेली मर्यादा घटते. म्हणून दुसरे कार्ड जोडीला असावे. कार्डावरील परदेशी वापराची सोय निघण्यापूर्वी सुरू करून घ्यावी. दुकानातील यंत्राने रक्कम रुपयांत हवी की युरोत, असे विचारल्यास युरो निवडावे. रुपयांचा पर्याय सोयीचा वाटला तरी त्यातील विनिमय दर सहसा महाग पडतो. स्वित्झर्लंडचे चलन फ्रँक आहे आणि तेथील महामार्गांसाठी ४० फ्रँकचा वार्षिक कर मोटरसायकललाही लागू होतो. मात्र केवळ खिंडींच्या रस्त्यांनी जाणाऱ्याला तो टाळता येतो. भारतातील संस्थेकडून पॅकेज घेतल्यास त्यावर टीसीएस कापला जातो. तो वाढीव खर्च नसून आयकराच्या विवरणपत्रात वळता होणारा आगाऊ भरणा आहे. तरीही रोख रक्कम तेवढा काळ अडकते, हे अंदाजपत्रकात धरावे.

काटकसरीचाही अतिरेक नको. स्टेल्व्हिओच्या पलीकडील बोर्मिओ गावातून आणखी दोन खिंडींपलीकडे लिविन्यो हे करमुक्त गाव आहे आणि तेथे पेट्रोल स्वस्त मिळते. वाटेत असेल तर टाकी जरूर भरावी. पण दुचाकीच्या वीस लिटरच्या टाकीसाठी अर्धा दिवस खर्च करणे म्हणजे चार आण्यांच्या कोंबडीला बारा आण्यांचा मसाला.

भोजनाची व्यवस्था आरंभीच ठरवलेली बरी. आल्प्समधील साध्या जेवणात बटाटा, कांदा आणि चीज यांचा भरणा असतो. पार्मेजान आणि ग्रुयेर ही परंपरेने वासराच्या जठरातील रेनेट वापरून केली जाणारी चीज आहेत; शाकाहारी म्हणून समोर आलेल्या पदार्थातही ती असू शकतात. इटलीच्या बाजूला मक्याचा पोलेंटा किंवा टोमॅटोचा साधा पास्ता मिळतो. त्यातही कांदा, लसूण आणि चीज न घालण्यास आधीच सांगावे. रोज गाव बदलण्यापेक्षा एका गावी स्वयंपाकघर असलेली जागा तीन रात्रींसाठी घेऊन तेथून वेगवेगळ्या दिशांना फेऱ्या माराव्यात. डोलोमाइटमध्ये ही पद्धत फार सोयीची पडते. सेला पर्वताभोवतीच्या चार खिंडी एका दिवसाच्या फेरीत होतात. सामान खोलीत राहते, गाडी हलकी होते आणि संध्याकाळी गरम खिचडी मिळते.

आता आखणीतील सर्वांत महत्त्वाची नोंद. दहा दिवसांच्या सहलीत दोन दिवस कोणत्याही ठिकाणाच्या नावावर लिहू नयेत: एक मध्यावर, एक गाडी परत करण्याच्या आदल्या दिवशी. खिंड बर्फाने बंद झाली, पाऊस थांबेना, टायर फुटला किंवा जोडीदाराची पाठ धरली, तर पहिला दिवस कामी येतो. आणि त्यानंतरही काही अडले, तर दुसरा विमान चुकू देत नाही. ज्यांना हे दिवस वाया गेल्यासारखे वाटतात, त्यांनी पेढीचा नियम आठवावा. सारे भांडवल मालात गुंतवलेला व्यापारी बाजार चांगला असेपर्यंत मोठा दिसतो. मंदी येताच त्याला पडेल त्या भावाने विकावे लागते. हाताशी शिल्लक असणारा थांबू शकतो. घाटातही थांबता येणे हीच चालकाची खरी शक्ती आहे.

मोकळा दिवस हाती असला, म्हणजे खिंडीच्या पायथ्याशी ‘बंद’ अशी पाटी दिसल्यावर प्रवासी निमूट गाडी वळवतो, गावात चहा घेतो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा येतो. तो दिवस नसला, तर तोच माणूस ढग दाटलेले पाहूनही वर निघतो. दोघांचे कौशल्य सारखेच असते. फरक आखणीतील एका कोऱ्या ओळीचा असतो. घरी वाट पाहणाऱ्यांच्या दृष्टीने साऱ्या आराखड्यात त्या ओळीइतकी मोलाची दुसरी ओळ नाही.