मनाचे मोजमाप आणि माणसाचा निवाडा

मानसिक चाचणीचे नाव निघताच सातारा-सांगलीकडील घराघरांत आजही धास्ती पसरते. हा कागद आपल्या मुलाच्या कपाळी वेडाचा शिक्का मारील, ही ती धास्ती होय. वस्तुतः प्रश्नावली व बुद्धिमापन ही निव्वळ साधने आहेत. रुग्णाशी व घरच्यांशी बोलल्यावाचून, त्याची झोप, कामकाज व शरीरप्रकृती पाहिल्यावाचून जाणता चिकित्सक निदान करीत नाही.

साधनही आपल्या मातीशी जुळते हवे. डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी बिने यांची चाचणी मराठी व कानडी मुलांसाठी स्वातंत्र्यापूर्वीच नव्याने बेतली. शहरी मुलाची मोजपट्टी माण-जतच्या मेंढपाळाच्या मुलास लावणे हा अन्यायच ठरेल.

शिक्क्याच्या भीतीला कायद्यानेही उत्तर दिले आहे. केवळ पूर्वीच्या उपचारांवरून कोणासही आज मनोरुग्ण ठरविता येणार नाही, असे २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा बजावतो. १४४१६ या क्रमांकावर २०२२ पासून दूरध्वनीने सल्लाही मिळतो. परंतु दूरध्वनीने चाचणी होत नाही. आणि प्रादेशिक मनोरुग्णालय गाठावयाचे तर येरवडा अथवा रत्नागिरीची वाट धरावी लागते. तालुक्याच्या रुग्णालयात मायबोलीत मनाची तपासणी करणारा तज्ज्ञ नेमणे, हे शासनाचे कर्तव्य आहे. नुसत्या कायद्याने धास्ती जात नाही.