मध्येच सोडणाऱ्याचा सत्कार

शाळेच्या फळ्यावर लिहिलेल्या सुविचारांपासून माणसाला पुढे आयुष्यभर धोका असतो, असं माझं स्पष्ट मत आहे. त्यांतला सर्वांत घातक म्हणजे 'हाती घ्याल ते तडीस न्या'. घर बांधायला काढलं असेल, मुलीचं लग्न ठरवलं असेल, तर तो ठीक आहे. पण हाच सुविचार डोक्यात घेऊन चांगली शिकली-सवरलेली माणसं टळटळीत उन्हात पळू लागली, की माझ्यासारख्या निरुपद्रवी कारकुनालाही लेखणी उचलावी लागते.

आमच्या बँकेत हल्ली अर्ध्या ट्रायथलॉनची साथ आली आहे. यातल्या 'अर्ध्या' या शब्दाला कोणी भुलू नये. अर्धा चहा निराळा, अर्धं तिकीट निराळं. इथे अर्धं म्हणजे १.९ किलोमीटर पोहायचं, अंग पुसायच्या आत ९० किलोमीटर सायकल हाणायची आणि सायकल टाकून २१.१ किलोमीटर धावायचं. एकूण ११३ किलोमीटर, मैलांत ७०.३. याच्या दुप्पट ती पूर्ण शर्यत. तिला लोहपुरुषाचं नाव देऊन १९७८ साली हवाई बेटांवर पंधरा जण पहिल्यांदा निघाले. बारा पोचले. त्या बारांचं कौतुक आजवर भरपूर झालं. उरलेल्या तिघांना कोणी चहासुद्धा विचारत नाही. प्रस्तुत लेख त्या तिघांच्या बाजूने आहे.

माझा खेळाला विरोध नाही. विरोध आहे तो उन्हाला शौर्याची किंमत लावण्याला. २०१९ साली ही अर्धी शर्यत गोव्यात मिरामारच्या किनाऱ्यावर आली, ती ऑक्टोबरात. 'ऑक्टोबर हीट' हे शब्द इंग्रजी असले तरी आपण ते मराठीतच घामाने भिजवलेले आहेत. त्या महिन्यात मी दुपारी पोस्टात जायचं झालं तरी दोनदा विचार करतो. आमच्या कर्जखात्याच्या साहेबांना हे बोललो, तर ते म्हणाले, "अहो, तुम्हाला काय कळणार? सगळं मनावर असतं!"

मी कॉमर्सचा माणूस. मनापेक्षा खातेवही बघणारा. आणि वही असं सांगते, की धावताना शरीर जेवढी शक्ती खर्च करतं तिच्यातला जेमतेम चौथा हिस्सा पाय हलवण्याच्या कामी येतो. बाकीची सगळी उष्णता होऊन अंगातच जमा होते. ही जमा रोजच्या रोज उचलली गेली पाहिजे. उचलायची मुख्य खिडकी म्हणजे घाम. एक लिटर घाम अंगावर पूर्ण वाळला तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. मात्र वाळला तर! समुद्रकाठच्या दमट हवेत तो वाळत नाही, नुसता ठिबकतो. म्हणजे काउंटरवर ही गर्दी आणि आत कॅशियर जेवायला गेलेला. सायकलवर निदान वारा तरी लागतो. पळताना तोही नाही. बरं, भीतीपोटी घटाघटा पाणीच पीत सुटावं, तर रक्तातलं मीठ पातळ होऊन तो निराळाच आजार. दहा-चौदा दिवस उन्हात बेताबेताने सराव केला तर शरीर थोडं सरावतं, हे खरं. पण आमच्या साहेबांचा सराव पहाटे पाचला, आणि उरलेला वातानुकूलित व्यायामशाळेत.

याहून मोठा अन्याय पुढेच आहे. अशा शर्यतीला साधारण साडेआठ तासांची मुदत असते. सकाळी सातला सुटलेले जगातले अव्वल गडी चार तासांच्या आसपास मोकळे होतात आणि अकराला सावलीत बसून केळं खातात. साडेतीन वाजेपर्यंत उन्हात कोण? ज्याचं वय झालंय, सराव कमी पडलाय, वजन किंचित जास्त आहे, तो. म्हणजे ज्याची ऐपत कमी त्याच्याकडून व्याज जास्त! सावकारीला आपण नावं ठेवतो. इथे मात्र टाळ्या वाजवतो.

ज्यांना यातलं कळतं ती मंडळी काय करतात पाहा. टोकियोचं ऑलिंपिक २०२१ साली झालं, तेव्हा उन्हाला भिऊन मॅरेथॉन थेट उत्तरेला सप्पोरोला हलवली आणि ट्रायथलॉन सकाळी साडेसहालाच सुरू केली. तीही नुसती ५१.५ किलोमीटरची, आणि धावणारे जगातले निवडक. ऑलिंपिकवाले उन्हाला भितात. भीत नाही तो आमचा कर्जविभाग.

१९८२ साली हवाईच्या शर्यतीत जुली मॉस ही मुलगी पहिली येत होती. शेवटच्या टप्प्यात पाय गेले. पडली, उठली, पुन्हा पडली आणि अखेर रांगत रेषेपर्यंत गेली. तेवढ्यात दुसरी पुढे निघून जिंकली. ते दृश्य टेलिव्हिजनवर दिसलं आणि या खेळाची जगभर कीर्ती झाली. जुलीच्या जिद्दीला माझा नमस्कार. पण त्या कीर्तीतून लोकांनी नेमकं रांगणंच उचललं. जिंकणारीचं नाव कॅथलीन मॅकार्टनी होतं, हे दहांतल्या किती जणांना आठवतं?

आणि "सगळं मनावर असतं" म्हणणाऱ्यांना एकच सांगायचं आहे. अंगाचा ताप चाळिशीच्या पुढे गेला की उष्माघातात पहिल्यांदा बिघडतं ते हे मनच. माणूस अडखळतो, भलतं बोलतो, आणि विचारलं तर "मी ठीक आहे" म्हणतो. कर्ज बुडवणाऱ्याच्याच हाती ऑडिटरची सही द्यावी, तसला हा कारभार. अशा वेळी त्याला "हिंमत सोडू नको!" म्हणून ओरडणारे मित्र हे मित्र नव्हेत. मित्राने त्याला थांबवावं आणि तडक बर्फाच्या पाण्यात बसवावं. आधी गार करायचं, मग दवाखान्यात न्यायचं.

म्हणून माझ्या मागण्या साध्या आहेत. दिवस उजाडता उजाडता शर्यत सोडा. पळण्याच्या वाटेवर बॅनर कमी आणि बर्फ जास्त ठेवा. आणि मुख्य म्हणजे मध्येच थांबणाऱ्याच्या नावापुढे 'डीएनएफ' अशी तीन अक्षरं, थकबाकीदाराची नोटीस लावावी तशी, लावू नका. ज्याने पंधराव्या किलोमीटरला आपल्या शरीराचा हिशेब अचूक मांडला आणि शिल्लक संपण्याआधी खातं बंद केलं, त्याला हार घाला, नारळ द्या. अंथरूण पाहून पाय पसरावेत, हाही सुविचारच आहे की! तो फळ्यावर लिहायला मास्तरांना वेळ मिळाला नाही, एवढंच.

आमच्या हिला हा लेख वाचून दाखवला. ती म्हणाली, "यात सांगायचं काय एवढं? घरी वाट बघणारं माणूस असलं, की तड कुठली ते आपोआप कळतं."

साहेबांना मी हे वाक्य पहिल्या संधीला ऐकवणार आहे. अर्थात, ते सावलीत असताना.