घरच्या घरी : चाकूची धार

आकाशकंदिलाच्या कामट्या तासायला बसले, की घडीचा चाकू बोथट झाल्याचे हमखास ध्यानात येते! गेल्या दिवाळीत आमच्या चिरंजीवांचा अंगठा कापला तो अशाच चाकूने. बोथट पात्याला जोर लावावा लागतो, आणि जोर लावला की ते निसटते.

मग धार लावताना पाते दगडावर किती कलते धरावे? घडीच्या चाकूला प्रत्येक बाजूस सुमारे २० अंशांचा कोन पुरतो. त्यासाठी कोनमापक नको. पाते दगडावर काटकोनात उभे धरा. ते निम्मे कलले की ४५ अंश. पुन्हा निम्मे, की साडेबावीस. त्याहून किंचित खाली आणा. पाते २ सेंटिमीटर रुंद असेल, तर त्याची पाठ दगडापासून सुमारे ७ मिलिमीटर वर राहील.

जुन्याच कोनात घासायचे असेल, तर धारेच्या उतारावर मार्करने काळी शाई लावा व दोन हात फिरवून पाहा. शाई फक्त कडेशी गेली, तर पाते फार उठले. फक्त वरच्या बाजूस गेली, तर फार निजले. सगळी गेली, तर कोन बरोबर.

दुसऱ्या अंगास बारीक खरखर लागू लागली, की बाजू बदला. ती पाहताना बोट पाठीकडून धारेकडे हलकेच न्यावे. धारेवरून लांबीने कधीही फिरवू नये.

यंदा चिरंजीवांच्या हाती आधी दगड दिला, मग कामट्या. कंदील वेळेवर लागला, आणि अंगठाही शाबूत आहे!