मोराच्या चिंचोलीस जाताना

फ्रान्समधील फॉन्तेनब्लोचे अरण्य तेथील राजांनी शिकारीसाठी राखले. शिरूर तालुक्यातील मोराची चिंचोली हे गाव नेमके त्याच्या उलट. येथे घनदाट वन नाही. चिंचेची जुनी झाडे आहेत, बाजरीची शेते आहेत आणि त्यांत निर्धास्त फिरणारे मोर आहेत. पेरलेला दाणा मोर टिपतो, ते नुकसान शेतकरी सोसतो. जीवदयेचा हा खर्च कोणत्याही खतावणीत दिसत नाही.

कुटुंबासह जाणाऱ्यांनी पावसाळ्याच्या आरंभी, भल्या सकाळी पोहोचावे. मोटारीचा भोंगा वाजवू नये, छायाचित्रासाठी मोरामागे धावू नये. बिस्किटे, फरसाण तर मुळीच टाकू नये. पुण्य म्हणून टाकलेला तो घास पक्ष्याला अपायच करतो. दिगंबर मुनींची पिच्छी गळालेल्या पिसांचीच का असते, हे मुलांना सांगण्यास याहून योग्य जागा नाही. शेतावरील जेवणात कांदा-लसूण नको असल्यास आदल्या दिवशीच कळवावे.

परतताना पाबळ येथे पद्ममणी तीर्थात पद्मप्रभूंचे दर्शन घ्यावे. त्याच गावात १७४० मध्ये निवर्तलेल्या मस्तानीची समाधी आहे. घाईने निघणाऱ्यांकडून ती राहून जाते. चौविहार पाळणाऱ्यांनी मात्र सूर्यास्ताची वेळ पाहूनच तेथून निघावे.