पोस्टरांची भिंत म्हणजे यादी नव्हे

जेलीफिन टाकलं, टीएमडीबीवरून पोस्टरं आली, की घरातल्या सिनेमांची यादी झाली असं माझे इंजिनिअर मित्र मानतात. साफ चूक. ती सिनेमाची माहिती झाली, तुमच्याकडच्या कॉपीची नाही.

बाबांच्या व्हीसीडींवरून उतरवलेल्या फायली मीही अशाच त्याच्या हवाली केल्या होत्या. एका फाईलचं नाव नुसतंच ‘श्यामची आई’. सिनेमा अत्र्यांचा, १९५३चा. पोस्टर चिकटलं २०२३च्या सिनेमाचं. दोन्ही कृष्णधवल, माझ्या ध्यानातही आलं नाही. बाबांनी टीव्हीवर बघताक्षणी ओळखलं. नावापुढे साल लिहिलं असतं तर हे टळलं असतं, पण तेवढ्यावर भागत नाही.

आता साधी स्प्रेडशीट आहे: नाव, साल, कुठली डिस्क आणि शेरा. शेऱ्यात बाबा बोलतील ते जसंच्या तसं. ‘दुसरी सीडी शेवटी अडकते.’ ‘आजीला घेऊन थेटरात पाहिलेला.’ हा रकाना कुठलंही ॲप आपोआप भरत नाही. टाइप करायचा कंटाळा येतो, येऊ दे. ॲप उद्या बंद पडेल. सीएसव्ही कुठेही उघडते.

निम्म्या डिस्क अजून बाकी आहेत. बाबांना हल्ली नावं चटकन आठवत नाहीत. रविवारी पुन्हा बसतोय.