फॉरमॅट मारण्याआधी

जयपूरहून आग्रा रस्त्याला लागलं की तीसेक किलोमीटरवर बस्सी येतं. तालुक्याचं गाव. तहसील कचेरी, जयपूर-बांदीकुई मार्गावरचं रेल्वे स्टेशन, आणि बाजारात जागोजागी ई-मित्रचे फलक. आपल्याकडे जे महा ई-सेवा केंद्र, तेच राजस्थानात ई-मित्र. मूळ निवासाचा दाखला, जन आधार, वीजबिल, नोकरभरतीचा अर्ज, सगळं त्या छोट्या दुकानातल्या एका कॉम्प्युटरवरून होतं. तो अडला की दुकानदाराची कमाई थांबते आणि खेड्यातून आलेल्या माणसाची फेरी फुकट जाते.

अशाच एका दुकानात घडलेल्या गोष्टीमुळे मी हे लिहायला बसले आहे. दुकान चालवणारा मुलगा पंचविशीतला. मशीन फार हळू चालते म्हणून त्याने ओळखीच्या मेकॅनिकला बोलावलं. मेकॅनिकने सी ड्राइव्हची लाल झालेली पट्टी पाहिली आणि निदान सांगितलं, "कचरा भर गया है, फॉरमॅट मारना पड़ेगा." संध्याकाळपर्यंत विंडोज नवं कोरं झालं. दुसऱ्या दिवशी अंगठ्याचं यंत्र चालेना, कारण त्याचं आरडी सर्व्हिसचं सॉफ्टवेअर गेलं होतं. डेस्कटॉपवर ठेवलेले अर्जांचे नमुने गेले होते. पेन ड्राइव्हवर थोडे उरले होते ते उघडले, तर हिंदीच्या जागी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं यांची नुसती गर्दी. मजकूर कृतिदेव फॉन्टमध्ये टाइप केलेला, आणि तो फॉन्ट विंडोजबरोबरच पुसला गेलेला. मुलगा मला म्हणाला, "दीदी, कचरा तो निकल गया, पर मेरा सामान भी निकल गया." आठवड्याभरात मशीन होती तितकीच संथ झाली.

मेकॅनिकला मी दोष देत नाही. जे शिकला ते त्याने केलं. माझं भांडण 'कचरा' या शब्दाशी आहे. तो उच्चारला की पुढे कारण शोधायची गरजच कुणाला वाटत नाही.

समोरच्यांचं म्हणणं आधी नीट मांडते. ते म्हणतात, विंडोज वापरता वापरता तात्पुरत्या फाइली साचतात, प्रत्येक अपडेट मागे काहीतरी ठेवून जातं, काढून टाकलेल्या प्रोग्रामच्या नोंदी रजिस्ट्रीत राहतात, आणि हे ओझं वाढलं की मशीन मंदावते. म्हणून दर आठवड्याला विंडोज आणि आर ही बटणं दाबायची, टेम्प, मग %टेम्प%, मग प्रीफेच उघडायचं, सगळं निवडून उडवायचं. वरून एखादं क्लीनर चालवायचं. वर्षातून एकदा फॉरमॅट. पुण्याच्या सायबर कॅफेत मी हे ऐकलं होतं आणि बस्सीतही शब्दाला शब्द तेच ऐकलं. शेवटी ते विचारतात, "साफ केल्यावर मशीन हलकी होते हे आम्ही डोळ्यांनी पाहिलंय, ते खोटं का?"

पाहिलेलं खोटं नाही. पण साफसफाईनंतर बहुतेक वेळा मशीन रीस्टार्ट होते, हे लक्षात घ्या. रीस्टार्टने रॅम मोकळी होते, अडकून पडलेलं अपडेट पुढे सरकतं, मागे दडून चालणारे प्रोग्राम बंद होतात. एकदा काहीही न उडवता फक्त रीस्टार्ट करून पाहा आणि मग तुलना करा.

मुळात ओझं ही उपमाच इथे लागू होत नाही. डिस्कवर पडून असलेल्या फाइलीला वजन नसतं. जो फोल्डर कुणी उघडत नाही त्यात पन्नास हजार फाइली असल्या, तरी वर्डमध्ये अर्ज टाइप करताना त्यांचा काडीचाही त्रास होत नाही. संथपणा येतो तो अपुऱ्या रॅममुळे, मशीन सुरू होताच आपोआप उठून बसणाऱ्या डझनभर प्रोग्राममुळे, आणि सर्वांत जास्त जुन्या फिरत्या डिस्कमुळे. स्वस्त मशीनमधली डिस्क मिनिटाला ५,४०० फेरे घेते, म्हणजे एका फेऱ्याला ११ मिलिसेकंद. हवा तो तुकडा डिस्क वाचणाऱ्या टोकाखाली येईपर्यंत सरासरी अर्धा फेरा थांबावं लागतं, शिवाय ते टोक योग्य पट्ट्यावर सरकायचा वेळ वेगळा. इकडेतिकडे विखुरलेले तुकडे वाचायचे तर सेकंदाला शंभरसुद्धा होत नाहीत. एसएसडीत फिरणारं काही नसल्यामुळे ती असे हजारो तुकडे वाचते. दोन्हींतला हा फरक टेम्प फोल्डर कितीही वेळा धुतला तरी भरून निघत नाही.

त्या यादीतल्या प्रीफेचची तर मला कणव येते. २००१ साली विंडोज एक्सपीबरोबर ही सोय आली. एखादा प्रोग्राम सुरू होताना कोणकोणत्या फाइली लागतात हे विंडोज पाहतं आणि पुढच्या वेळेसाठी टिपून ठेवतं. जुनी टिपणं ते स्वतःच काढून टाकतं. रोजच्या गिऱ्हाइकाला काय लागतं हे वाण्याने पाठ केलेलं असावं आणि आपण दर रविवारी त्याला ते विसरायला लावावं, तसं प्रीफेच उडवणं आहे. ब्राउझरचा कॅश उडवण्याचंही तेच. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर ज्याचं दुकान चालतं, त्याने एकदा उतरवलेली चित्रं फेकून पुन्हा उतरवायची, म्हणजे पैसे देऊन वेग कमी करून घ्यायचा.

मग विन-एस-एक्स-एस. विंडोजच्या पोटातला हा फोल्डर दहा-पंधरा जीबीचा दिसतो आणि तो पाहून भल्याभल्यांचा हात डिलीटकडे जातो. पण त्यातल्या पुष्कळ फाइली हार्ड लिंकने जोडलेल्या असतात. फाइल डिस्कवर एकच असते, तिची नोंद दोन ठिकाणी असते, आणि आकार दाखवणारी खिडकी तीच फाइल दोनदा मोजते. एकाच शेताची नोंद दोन वह्यांत झाली म्हणून शेत दुप्पट होत नाही. हा फोल्डर हाताने रिकामा केला तर अपडेट बसेनाशी होतात, प्रसंगी मशीन सुरूही होत नाही. त्याची छाटणी करायला विंडोजचीच डिझम ही आज्ञा आहे. इन्स्टॉलर नावाचा फोल्डरही असाच. तो उडवला की पुढे प्रोग्राम दुरुस्तही करता येत नाहीत आणि काढताही येत नाहीत.

रजिस्ट्रीच्या बाबतीत मायक्रोसॉफ्टने स्वच्छ सांगितलं आहे की रजिस्ट्री क्लीनर वापरण्याला त्यांचा पाठिंबा नाही. रजिस्ट्रीत नोंद शोधली जाते ती तिच्या पत्त्यावरून. शब्दकोशात वापरात नसलेले दोनशे शब्द जास्त असले, तरी 'आंबा' सापडायला वेळ लागत नाही. उलट चुकीची एक नोंद काढली गेली तर प्रिंटर कायमचा रुसतो, आणि का रुसला हे कुणालाच कळत नाही.

आता क्लीनर विकणाऱ्यांकडे वळते. त्यांचा सगळा धंदा लाल अक्षरांतल्या आकड्यावर उभा आहे. स्कॅन चालवला की शेकडो 'समस्या' निघतात. त्यांतल्या कितीतरी साध्या कुकी असतात. अमेरिकेत ऑफिस डेपो या दुकानसाखळीत 'पीसी हेल्थ चेक' होत असे. सुरुवातीच्या चार तक्रारींपैकी एकीवर जरी खूण केली, तरी प्रोग्राम मालवेअरची लक्षणं सापडल्याचं सांगे, असा फेडरल ट्रेड कमिशनचा आरोप होता. २०१९ साली ऑफिस डेपोने २ कोटी ५० लाख डॉलर आणि सॉफ्टवेअर पुरवणाऱ्या सपोर्ट डॉट कॉमने १ कोटी डॉलर देऊन प्रकरण मिटवलं. २०२४ मध्ये रेस्टोरो आणि रीइमेज या कॉम्प्युटर-दुरुस्ती विकणाऱ्या कंपन्यांनी अशाच आरोपांवरून २ कोटी ६० लाख डॉलर द्यायचं कबूल केलं. आणि सीक्लीनर? त्यावर जगभरच्या लोकांचा विश्वास होता. ऑगस्ट २०१७ मध्ये आलेल्या त्याच्या ५.३३ या आवृत्तीत हल्लेखोरांनी कंपनीच्याच यंत्रणेत शिरून घातक कोड घातला. सप्टेंबरात ते उघड झालं तोवर सुमारे २२ लाख ७० हजार मशीनवर ती आवृत्ती पोचली होती. खात्रीच्या जागेवरून, कंपनीच्या सहीशिक्क्यानिशी. कंपनीचा हेतू वाईट होता असं मी म्हणत नाही. पण ज्याला सगळ्या फाइली पुसायचा अधिकार दिला, तो दरवाजा फुटला की घर उघडं पडतं.

याच्या उलट टोकालाही काही जण आहेत. त्यांच्या मते जागा स्वस्त झाली आहे, साचू द्यावं, बघूच नये. हेही मला मान्य नाही. सी ड्राइव्ह खरोखर भरला तर मशीन गुदमरते: पेज फाइल वाढू शकत नाही, अपडेट उलगडायला जागा मिळत नाही, एसएसडीलाही लिहायला मोकळे कप्पे कमी पडतात. म्हणूनच २०१९ च्या १९०३ आवृत्तीपासून विंडोज १० ची किमान जागेची अट ३२ जीबी झाली, आणि नव्या मशीनवर सुमारे ७ जीबी जागा विंडोज आधीच राखून ठेवू लागलं.

शिवाय काही वेळा साचलेल्या फाइली ही आजाराची खूण असते. विंडोज ७ मधलं एक प्रकरण या धंद्यातल्या जुन्या लोकांना आठवत असेल. विंडोजचे भाग बसवताना जी नोंदवही लिहिली जाते, ती ठरावीक काळाने दाबून लहान केली जाते. ही वही २ जीबीच्या वर गेली की दाबणारा प्रोग्राम हरायचा, अर्धवट 'कॅब' फाइल टेम्पमध्ये टाकून द्यायचा, आणि थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न करायचा. पुन्हा हरायचा. असं करत अख्खी डिस्क भरायची. लोक टेम्प साफ करायचे आणि काही दिवसांत ती पुन्हा भरायची. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. इलाज होता ती एक फुगलेली नोंदवही काढून टाकण्याचा. जे पुन्हा पुन्हा साचतं ते कोण टाकतंय, हे विचारल्याशिवाय झाडू हातात घेऊ नये, हे मी तेव्हापासून धरून आहे.

बस्सीत तरी सी ड्राइव्ह लाल कशाने झाला होता? आपल्या देशातल्या मेकॅनिकांची एक जुनी रीत आहे: ५०० जीबीच्या डिस्कचे तुकडे पाडायचे, सी ला साठ-ऐंशी जीबी, बाकी डी आणि ई. विंडोज सी वर, आणि कामाच्या फाइली डी वर ठेवाव्यात ही अपेक्षा. पण डेस्कटॉप आणि डाउनलोड हे दोन्ही फोल्डर सी वरच असतात, हे मशीन वापरणाऱ्याला कुणी सांगत नाही. तो वर्षभर प्रत्येक गिऱ्हाइकाचा फोटो, सही आणि पीडीएफ डेस्कटॉपवर टाकतो. सी भरतो, डी रिकामा राहतो. मग सिस्टीमच्या फाइलींवर आळ येतो आणि शिक्षा होते डेस्कटॉपवरच्या कामाला.

तेव्हा माझा आग्रह असा. आधी पाहा. सेटिंग्जमध्ये स्टोरेज उघडलं की कशाने किती जागा घेतली ते मोठ्याकडून लहानाकडे दिसतं. तात्पुरत्या फाइली काढायला २०१७ पासून विंडोजमध्ये स्टोरेज सेन्स आहे. ते चालू ठेवा, आणि वापरात असलेल्या फाइलीला ते हात लावत नाही यावर विश्वास ठेवा. मोठ्या अपडेटनंतरचा विंडोज-ओल्ड फोल्डर दहा दिवसांनी आपोआप जातो, कारण ते दहा दिवस मागे परतायची वाट मोकळी ठेवायची असते. मात्र तिथल्या तात्पुरत्या फाइलींच्या यादीत डाउनलोडच्या चौकोनावर खूण करताना दहादा विचार करा. २०१८ च्या १८०९ आवृत्तीत डिस्क क्लीनअपच्या यादीत तो फोल्डरही आला, आणि सगळ्या चौकोनांवर खुणा करायची सवय असलेल्यांनी स्वतःच्या फाइली घालवल्या. २०२० मध्ये तो त्या यादीतून काढावा लागला.

आणि फॉरमॅटला माझा सरसकट विरोध नाही. व्हायरसने मशीन पोखरली असेल किंवा विंडोज दुरुस्तीच्या पलीकडे गेलं असेल, तर तो करावाच. पण त्याआधी फॉन्ट, प्रिंटर आणि अंगठ्याच्या यंत्राची सॉफ्टवेअरं आणि अर्जांचे नमुने दुसऱ्या जागी उतरवून ठेवणं हे मेकॅनिकच्या मजुरीत धरलेलं काम असलं पाहिजे. महाराष्ट्रात श्रीलिपीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेले किती जुने अंक, किती संस्थांची इतिवृत्तं अशीच मुकी झाली असतील, या विचाराने मला अस्वस्थ व्हायला होतं. नवं काम तरी युनिकोडमध्येच करावं.

हे शिकवायचं कुठे, तर जागा तयार आहे. महाराष्ट्रात २००१ साली एमकेसीएल ही कॉम्प्युटर शिकवणारी कंपनी निघाली आणि पुढच्या वर्षी तिचा एमएस-सीआयटी अभ्यासक्रम गावोगावी पोचला. २००८ साली राजस्थानात आरकेसीएल उभी राहिली ती एमकेसीएलला सोबत घेऊनच, आणि तिचा अभ्यासक्रम आरएस-सीआयटी. राजस्थानच्या अनेक सरकारी भरत्यांत त्याचं प्रमाणपत्र मागतात. दोन्ही राज्यांत लाखो मुलं या वर्गांतून गेली आहेत. त्या प्रत्येकाला आपली फाइल डिस्कवर नेमकी कुठे राहते हे बोट ठेवून दाखवता आलं पाहिजे. एक्सेलच्या आधी ते यायला हवं असं मला वाटतं.

महिन्याभराने मी त्या दुकानात पुन्हा गेले. सी ८० जीबी, डी जवळजवळ रिकामा, अगदी पूर्वीसारखंच. आम्ही दोघांनी बसून डेस्कटॉप आणि डाउनलोड या फोल्डरांचं लोकेशन डी वर हलवलं. मशीनबरोबर सुरू होणाऱ्या प्रोग्रामपैकी अंगठ्याच्या यंत्राचं आणि अँटिव्हायरसचं ठेवलं, बाकी बंद केले. कृतिदेवचा फॉन्ट त्याने मित्राकडून आणला होता; तो, आरडी सर्व्हिस आणि प्रिंटरचं सॉफ्टवेअर एका पेन ड्राइव्हवर घेतलं आणि तो पेन ड्राइव्ह गल्ल्यात ठेवला. टेम्पला हात लावला नाही. डिस्क अजून जुनी, फिरणारीच आहे. भरतीच्या अर्जांची गर्दी ओसरली की एसएसडी टाकायचं त्याने ठरवलं आहे.